पुअर बॉक्स

आज परळच्या केईएम रुग्णालयात पायाच्या फॉलोअपला गेलो. वॉर्डात शिरलो आणि मी इथे दाखल असताना शेजारच्या खाटेवर असलेले साताऱ्याचे काका आठवले. मांडीत घालायच्या रॉडचे पैसे त्यांच्याकडे नव्हते. समाजसेविका बाईंनी कागद फिरवले आणि गरीब रुग्णांसाठीच्या ‘पुअर बॉक्स’ निधीतून रॉड आला. घरी जाताना काकांनी रुमालात बांधलेली शेंगदाण्याची चिक्की काढली, निम्मी मला दिली.

१९२६ सालचं हे महापालिकेचं रुग्णालय. लगतचं मेडिकल कॉलेज शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या देणगीतून उभं राहिलेलं. पालिका आहे ना, मग आपण कशाला द्यायचं, असं मलाही वाटायचं. तेव्हा पाय धड होता!

आज त्याच निधीत हजार रुपये भरले, पावती पाकिटात ठेवली. तुम्हीही परळला उतरलात, तर केईएमच्या समाजसेवा विभागात डोकावून या.