मतांतर आणि पक्षांतर

आमच्या गोव्यात पक्ष बदलणाऱ्याचे आता कोणाला फारसे नवल वाटत नाही. मत बदलणाऱ्याकडे मात्र लोक संशयाने पाहतात. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदारांनी व सप्टेंबर २०२२ मध्ये अकरापैकी आठ आमदारांनी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. चार दिवस चर्चा झाली आणि विरली. उलट एखादा शिक्षक किंवा शेतकरी चारचौघांत म्हणाला की, ‘पूर्वी मी असे मानीत होतो, आता तसे मानीत नाही’, तर ‘हा फिरला’ हा शिक्का त्याच्या कपाळी कायमचा बसतो. हा उफराटा न्याय आम्हांला बरीच वर्षे खटकत आला आहे.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडा इतिहास सांगितला पाहिजे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि पाठोपाठ प्रश्न उभा राहिला : महाराष्ट्रात विलीन व्हावे की वेगळे राहावे? १६ जानेवारी १९६७ रोजी त्यावर जनमत कौल झाला. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, संघप्रदेशाचे दोन पाने. कौल निःपक्षपाती वातावरणात व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला होता. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. पेडणे, डिचोली या आमच्या भागाचा कल फुलाकडे होता. पण खरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढेच घडली. दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ च्या निवडणुकीत, याच गोव्याने विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा सत्तेवर बसविले. राज्य कोणी चालवावे आणि गोव्याने कोठे राहावे, हे दोन प्रश्न मतदाराने वेगळे ठेवले. शिवाय तो वाद मुख्यतः मराठीतूनच लढला गेला. ‘गोमन्तक’ दैनिक विलीनीकरणाच्या बाजूचे. त्याविरुद्ध ‘राष्ट्रमत’ उभे राहिले तेही मराठीच, आणि उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यातलेच. ज्याला वाचता येत होते त्याला दोन्ही बाजू एकाच भाषेत उपलब्ध होत्या.

आमच्या घरी ही हकीगत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पेडणे तालुक्यातले आमचे वडील फुलाचे. निम्मे सोयरे तेरेखोल नदीपलीकडचे, शिक्षण मराठीतले. डिचोलीला खाणीवर कारकुनी करणारे आमचे मामा दोन पानांचे. कौलानंतरच्या चवथीला मामा आमच्याकडे फिरकले नाहीत. पुढे येऊ लागले, आणि माटोळीखाली बसून दोघांचा वाद वर्षानुवर्षे चालला. वडिलांचा मुद्दा भाषेचा, तसाच भयाचाही : वेगळ्या गोव्यात सत्ता पुन्हा भाटकारांच्याच हाती जाईल. मामांचा मुद्दा कचेरीचा : गोवा महाराष्ट्राचा एक जिल्हा झाला, तर आपल्या गावचा कागद मुंबईत कोण हलविणार? ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाला तेव्हा वडील शांतपणे म्हणाले, “मराठी माझीच, पण कचेरी पणजीला आहे तीच बरी.” मामांनी विजयाचा आव आणला नाही. भाटकारांविषयीचे वडिलांचे भय खोटे नव्हते, एवढे ते कबूल करून गेले. गावात मात्र वडिलांना ‘उलटलेला’ हे विशेषण अखेरपर्यंत चिकटून राहिले.

आमच्या पिढीच्या वाट्याला भाषेचा वाद आला. १९८५ पासून तो पेटला, डिसेंबर १९८६ मध्ये त्यात माणसे मेली, आणि ४ फेब्रुवारी १९८७ च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली. शासकीय कामांत मराठीच्याही वापराची तरतूद झाली. कोकणी ही मराठीची बोली, असे तेव्हा आमच्या घरात, आळीत सगळेच म्हणत; आम्हीही म्हणत होतो. साहित्य अकादमीने तिला १९७५ मध्ये स्वतंत्र भाषा मानले, १९९२ मध्ये ती घटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. पण या निर्णयांनी आमचे मन हलले नाही. हलविले ते वह्यांनी. धाकट्या बहिणीविषयी लिहिताना आमची मुले ‘ती आली’ न लिहिता ‘ते आले’ लिहीत. आम्ही लाल रेघ ओढीत असू. पण वर्षामागून वर्षे तीच गोष्ट सगळ्या वह्यांत येऊ लागली, तेव्हा ध्यानात आले की घरच्या भाषेत लहान मुलीला नपुंसकलिंग लावण्याचा नियमच आहे, आणि पोरे तो काटेकोरपणे पाळीत आहेत. असे कितीतरी नियम हळूहळू दिसत गेले. गोव्यात मराठीला राजभाषेचे पूर्ण स्थान मिळावे, ही मागणी आम्ही सोडलेली नाही. कोकणीला बोली ठरवून ती मांडणे सोडले. हे एका बैठकीत बोलून दाखविल्यानंतर एका संस्थेचे दरवर्षीचे व्याख्यानाचे निमंत्रण बंद झाले. त्याचे दुःख नाही. मत का बदलले, हे मात्र कोणी विचारले नाही, याचे आहे.

आपल्या न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचे खोडीत बसणे ही वितंडा. वादाला बसणाऱ्याने आपले मत पालटण्याची जोखीम पत्करलेली असते. ती पत्करायची नसेल तर त्याने जल्पाचे नाव घ्यावे, वादाचे घेऊ नये.

अशी जोखीम पत्करली म्हणजे जुने वैर कायम राहतेच असे नाही. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय झाला, तेव्हा भारतीय भाषा सुरक्षा मंचात भाऊसाहेबांच्या कन्या, माजी मुख्यमंत्री शशिकला काकोडकर आणि ‘ब्रह्मास्त्र’कार भेंब्रे एका व्यासपीठावर बसले. मुलांचे प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून व्हावे, या एका प्रश्नावर मराठी आणि कोकणी एकत्र आल्या. त्यासाठी कोणाला आपला भूतकाळ पुसावा लागला नाही.

शाळेत आम्ही एक साधा पाठ चालविला आहे. वक्तृत्वाच्या तासाला मुलाने प्रथम प्रतिपक्षाचे म्हणणे मांडायचे, आणि ‘होय, माझे म्हणणे हेच’ असे प्रतिपक्षाने म्हटल्याशिवाय त्याने स्वतःचे भाषण सुरू करायचे नाही. पहिल्या महिन्यात बहुतेकांची अडचण होते, कारण समोरच्याचे ऐकण्याची सवयच नसते. एकदा ती लागली की आवाज आपोआप खाली येतात.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत हेच प्रश्न रोज जेवणाच्या पानावर असतात : मुलांची भाषा कोणती, आपला प्रांत कोणता, मत कोणाला. बाप एक म्हणतो, मुलगी दुसरे. तेथेही हा पाठ चालेल असे आम्हांला वाटते. आपले मत पालटले तर कारण सांगावे, आणि दुसऱ्याचे पालटले तर शिक्का मारण्याआधी त्याला कारण विचारावे.