धारवाडात जन्मलेला गोलंदाज

गेल्या श्रावणातली गोष्ट. पाऊस कोसळत होता आणि खेळाचा तास वर्गातच घ्यावा लागला. नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्यांची नावे त्या त्या संघाच्या इतिहासात एवढ्या मानाने का जपतात?" मी सांगितले, की फलंदाजाला तीनदा चकवून परत पाठविणाऱ्याचा पराक्रम बहुतांशी त्याचा एकट्याचा असतो. नोलन रायन याने असे ५,७१४ गडी माघारी धाडले. "मग आपल्याकडे असा कोण?" कुंबळ्यांचे नाव सर्वांनी एकदम घेतले, आणि ते योग्यच होते. ७ फेब्रुवारी १९९९ रोजी दिल्लीत पाकिस्तानच्या एका डावातले दहाही बळी त्यांनी एकट्याने घेतले. कोणी गदगच्या सुनील जोशींची आठवण केली. परंतु या दोघांच्या पुष्कळ आधीचे एक नाव वर्गात कोणालाच ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर पदवी हाती पडेपर्यंत मलाही ते ठाऊक नव्हते.

पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाडात झाला. बेलूरहून सायकलीवर जाता येईल, इतके ते गाव जवळ! घराणे मूळचे कोकणातले, चर्मकार समाजातले. वडील पुण्यात लष्कराच्या चाकरीत होते. गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर ही भावंडे खेळ शिकली. पुढे बाळू पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर नोकरीस लागले. खेळपट्टीवर रूळ फिरवावा, जाळी बांधावी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकावेत, हे त्यांचे काम. ग्रेग नावाचा त्या काळचा नामांकित फलंदाज तासन्‌तास त्यांच्या चेंडूंवर सराव करी. बाळू डावखुरे, मंदगती गोलंदाज. साहेबाला सतत नवे कोडे घालता घालता त्यांचा हात तयार झाला. त्यांच्या हाती बॅट द्यावी, असे मात्र तेथे क्वचितच कोणाला वाटले.

पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते, म्हणून त्यांनी बाळूंना घेतले. मैदानात त्यांनी फेकलेला चेंडू सर्वांनी हाताळायचा. चहाच्या वेळी मात्र त्यांनी बाहेर बसायचे आणि मातीच्या भांड्यातून प्यायचे. चेंडूला जो विटाळ नव्हता, तो कपबशीला कसा झाला, हे कोडे माझ्याने अजून सुटलेले नाही.

नंतर ते मुंबईस गेले. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, तेव्हा बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम दोघेही संघात होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ पुष्कळ सामने हरला, पण एकट्या बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांचे १७९ बळी आहेत. म्हणजे प्रत्येक सामन्यात पाचांहून अधिक. कर्णधारपद मात्र त्यांना मिळाले नाही. ते १९२३ मध्ये धाकट्या विठ्ठलांकडे आले. याच विठ्ठलांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीतून लिहिले. आमच्या घरची बोली कोंकणी. मराठी मला पुस्तकांनीच दिली. तीत अशीही पुस्तके आहेत, हे फार उशिरा कळले. बाळू १९५५ मध्ये मुंबईत वारले.

हे सारे मी मोठ्या रसाने सांगितले; मुलेही रंगून गेली होती. तास संपला तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा दारापाशी थांबला. वडील औद्योगिक वसाहतीत रखवालदार. रोज संध्याकाळी सरावात तो इतरांना चेंडू टाकी, तोही अनवाणी. त्याने विचारले, "सर, बाळूंना बूट कोणी दिले?"

मला उत्तर आले नाही. संघाची यादी आठवड्यापूर्वी मीच फळ्यावर लावली होती. तीत त्याचे नाव नव्हते. कारण मला पुरते ठाऊक होते: पांढरा पोशाख आणि बूट ज्यांच्यापाशी नाहीत, त्यांचा विचार मी केलाच नव्हता. कोणी तसा नियम घातलेला नव्हता. मला सोपे वाटले, इतकेच. आता त्याचे नाव घालायचे, तर दुसऱ्या कोणाचे खोडावे लागणार होते. ज्याचे खोडावे, त्याच्या वडिलांनी शाळेला खेळाची चटई दिली होती. दोन रात्री मी ते लांबणीवर टाकले. तिसऱ्या दिवशी यादी काढली, नवी लिहिली, आणि त्या गृहस्थांना भेटून स्वतःच सांगितले. ते रागावले. चटई मात्र त्यांनी परत मागितली नाही.

दिवाळीनंतरचा पहिला सामना आम्ही हरलो. त्या मुलाने दोन गडी बाद केले आणि त्याच्या चेंडूवर एक सोपा झेल सुटला. माझ्या पुतण्याचे जुने बूट त्याला बरेच मोठे होत होते. पुढे कागदाचे बोळे घालून त्याने ते घातले होते. चहाच्या वेळी बूट काढून तो ते बोळे नीट बसवीत होता आणि ज्याचा झेल सुटला, तो मुलगा त्याच्या शेजारी बसून दोघांचे पेले धरून होता.