सातवी जोडी

एखादी वस्तू आपले काम बिनबोभाट करीत असते तोवर तिचे अस्तित्वदेखील आपल्या ध्यानी येत नाही. बिजागरी कुरकुरू लागली म्हणजेच तिला तेल हवे हे कळते. घरातील कर्ती बाई चार दिवस माहेरी गेली म्हणजेच घर कोणाच्या बळावर चालले होते हे उमगते. शरीराच्या बाबतीतही हाच न्याय लागू आहे. मेंदूपासून निघून कवटीच्या छिद्रांवाटे बाहेर पडणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आपल्या मस्तकात अहोरात्र राबत असतात, ही गोष्ट मी कित्येक वर्षे विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतली. परंतु तिचा अर्थ मजला कळला तो त्यांपैकी एका जोडीतील एकच तंतू रुसला तेव्हा. तो अनुभव वाचकांपुढे ठेवावा, आणि त्यायोगे एखाद्या कुटुंबाची भीती अथवा दिरंगाई टळली तर टळावी, एवढ्याच हेतूने हा लेखप्रपंच.

माझा विषय खरे पाहता संस्कृत. परंतु शास्त्राचे मास्तर रजेवर असले की त्यांचा तास मजकडे येई. अमरकोशाच्या घोकंपट्टीवर वाढलेला मी; मला दुसरी रीत ठाऊक नव्हती. बारा जोड्यांची कामे मी वर्गाकडून तालात म्हणवून घेई. हल्लीच्या पाठ्यपुस्तकांत मज्जातंतूस 'चेता' म्हणतात. मी मात्र जुन्या शब्दासच धरून आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातील गोष्ट. आमचे बिऱ्हाड स्वारगेटास, एसटीच्या स्थानकापासून हाकेच्या अंतरावर आहे. सकाळी उठून चूळ भरली, तो पाणी डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून अंगरख्यावर ओघळले. पुन्हा भरली, पुन्हा तेच. चहा घेतला, त्यास काही चव लागेना. इतक्यात स्थानकावरून एका गाडीचा भोंगा वाजला आणि तो डाव्या कानात असा शिरला की मी कानावर हात ठेवला. ज्या भोंग्यांच्या नादात आमची मुले निजली, अभ्यास करून मोठी झाली, ते भोंगे एका रात्रीत असह्य कसे झाले? आरशासमोर गेलो. उजवा अर्धा चेहरा माझा होता. डावा कोणा परक्याचा. भुवई उतरलेली, गाल लोंबलेला, तोंड उजवीकडे ओढलेले. डोळा मिटावयास गेलो, तर उजवा मिटला आणि डावा उघडाच राहून माझ्याकडे पाहत राहिला.

सूनबाईने पाहिले आणि तिच्या हातातील भांडे खाली पडले. "मामंजी, अहो, तोंडाला काय झाले?" एवढेच ती बोलू शकली. घटकाभरात सारे घर भोवती जमले. आमच्या आक्का वयाने व अधिकाराने वडील. त्यांनी तात्काळ निदान केले: "वारे गेले! काल वाईहून आलास तो गाडीच्या खिडकीशी बसून आला असशील." मी बसलो होतो हे खरे. त्यांच्या मताला शास्त्राधार नव्हता असेही नाही. चरक व सुश्रुत या दोघांनीही मुख वाकडे करणाऱ्या ह्या विकारास 'अर्दित' म्हटले असून तो वातव्याधींत गणला आहे. लगेच तेल कोमट झाले, शेक झाला, जायफळ उगाळले गेले. धाकटे बंधू डॉक्टरकडे चला म्हणत होते. पण त्या दिवशी घरात सत्यनारायण होता, पाहुणे यावयाचे होते, आणि खरे सांगावयाचे तर असले तोंड घेऊन रस्त्यावर पडण्याची मजलाच लाज वाटत होती. अशा रीतीने दीड दिवस गेला. ह्या दीड दिवसाची मोठी रुखरुख मला अद्यापि आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी बंधूंनी जवळजवळ ओढूनच रिक्षात घातले. जेधे चौकातील धूळ मिटत नसलेल्या डोळ्यात जाऊन तो लाल झाला होता. डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, हात वर करावयास लावले, चालावयास लावले, आणि मग म्हणाले, "मास्तर, कपाळाला आठ्या घाला पाहू." आठ्या घालणे हा माझा जन्माचा व्यवसाय! परंतु त्या दिवशी उजव्याच अर्ध्या कपाळावर त्या उमटल्या. डावा भाग सपाट राहिला. मी मनात खचलो. डॉक्टर मात्र हसले. म्हणाले, "हे चिन्ह बरे आहे. बहुधा मेंदूस काही झालेले नाही."

हे कसे, ते त्यांनी समजावून दिले. चेहऱ्याच्या खालच्या भागास हुकूम येतो तो मेंदूच्या विरुद्ध बाजूच्या अर्धगोलाकडून. कपाळास मात्र दोन्ही अर्धगोलांकडून येतो. म्हणून पक्षाघाताने मेंदूचा एक भाग निकामी झाला, तरी कपाळावर आठ्या पडतात आणि तोंड तेवढे वाकडे होते. उलट, मेंदू ठीक असून वाटेतील तंतूच बिघडला, तर कपाळासकट सारी अर्धी मुद्रा निश्चल होते. एखाद्या गावास दोन ठिकाणांहून पाणी येत असले, तरी गावात शिरणारा नळच फुटल्यावर दोहोंचाही उपयोग नाही, तसेच हे. माझा बिघाड नळाचा होता.

हा नळ म्हणजे सातव्या जोडीतील डावा तंतू. वाचकांच्या सोयीसाठी सर्व बारांची ओळख येथे थोडक्यात करून देतो. पहिली जोडी गंधाची, दुसरी दृष्टीची. प्रत्येक डोळा सहा स्नायूंनी फिरतो. त्यांपैकी चार तिसरीकडे, एक चौथीकडे व एक सहावीकडे. पापणी उचलणे व बाहुली आकसणे हीही तिसरीचीच कामे. पाचवीस तीन शाखा असून चेहऱ्याचा स्पर्श व वेदना ती मेंदूस कळविते. दाढदुखीची वार्ता नेणारी हीच, आणि घास चावणारीही हीच. आठवी ऐकविते आणि तोलही सांभाळते. नववी जिभेच्या मागील भागाची चव व घसा पाहते. दहावी तर परिव्राजकच म्हणावयाची. तिच्या लॅटिन नावाचा अर्थही 'भटकणारी' असाच आहे. ती घसा व स्वरयंत्र यांची वास्तपुस्त करून हृदय, फुप्फुसे व जठरापर्यंत जाते. अकरावी मान वळविते व खांदे उचलते. बारावी जीभ हलविते. ह्यांतील पहिली, दुसरी व आठवी केवळ वार्ता आणणाऱ्या. तिसरी, चौथी, सहावी, अकरावी व बारावी मुख्यतः हुकूम नेणाऱ्या. आणि पाचवी, सातवी, नववी व दहावी दोन्ही कामे करणाऱ्या. बाराचा हा क्रम जर्मनीतील सॉमरिंग ह्या शारीरविद्येच्या अभ्यासकाने १७७८ साली लावला. त्यापूर्वी गॅलेनसारख्या प्राचीनांनी सातच जोड्या मोजल्या होत्या.

सातवीचे काम वरवर पाहता हलके वाटते: मुद्रा हलविणे. डोळा मिटणे, ओठ जुळविणे, गाल फुगविणे, हसणे, रुसणे, सारे तिचे. परंतु तिजकडे आणखीही खाती आहेत. जिभेच्या पुढील दोनतृतीयांश भागाची चव ती नेते. म्हणून माझा चहा बेचव झाला. अश्रूंच्या व लाळेच्या पिंडांस ती चालना देते. आणि मोठा आवाज झाला असता कानातील एका चिमुकल्या हाडास आवरून धरणारा एक इवलासा स्नायूही तिच्याच ताब्यात आहे. तो लुळा पडल्यामुळेच स्वारगेटचे भोंगे माझ्या कानात बाणासारखे शिरले. एवढा कारभार सांभाळणारा हा तंतू कानामागील हाडातील एका अरुंद, वळणावळणाच्या बोगद्यातून जातो. त्यास सूज आली तर फुगावयास जागा नाही. हाडात चिरडून तो काम सोडतो. शरीरात सुप्त असलेला एखादा विषाणू पुन्हा जागा होऊन ही सूज येत असावी असा आजचा तर्क आहे. आक्कांची खिडकी निर्दोष ठरली.

हा तंतू चेहऱ्याच्या हालचालीचा आहे हे चार्ल्स बेल नामक स्कॉटिश शल्यवैद्याने १८२१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले, आणि त्याचेच नाव ह्या दुखण्यास मिळाले. त्याच १८२१ साली आमच्या पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिकडे मुखाचे तंतू शोधले जात होते आणि इकडे मुखातून निघणाऱ्या वर्णांचे अध्ययन चालले होते, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो. कारण ह्या दोन विद्यांची गाठ माझ्याच तोंडात पडली.

ते असे झाले. गणेशोत्सव जवळ आला होता आणि मी नातवास अथर्वशीर्ष शिकवीत होतो. संथा देताना माझे प, फ, ब, भ, म फसकन हवेत विरू लागले. क, च, ट, त यांस काही झाले नव्हते. फक्त ओष्ठ्य वर्णच पांगळे. पाणिनीय शिक्षेत वर्णांची आठ स्थाने सांगितली आहेत: उर, कंठ, शिर, जिह्वामूल, दंत, नासिका, ओष्ठ आणि तालु. ती मी कैक वेळा शिकवली. त्या दिवशी मात्र दिसले की जिभेचे सारे वर्ण बाराव्या जोडीच्या आधाराने उभे आहेत. घोष-अघोषाचा भेद दहावी करते. 'प'वर्ग सातवीच्या पदरी आहे. प्राचीनांनी केवळ कानाने व जिभेने ताडून जी विभागणी केली, तीच शारीरविद्येने निराळ्या वाटेने येऊन पाहिली. नातू सात वर्षांचा. तो थोडा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "आजोबा, तुम्ही ओठ बोटाने धरा ना!" मी डाव्या गालास बोटाचा टेकू दिला, आणि 'प' उमटला. पुढले तीन आठवडे आमची संथा अशीच चालली.

उपचार साधा होता. सूज उतरविणारे स्टेरॉइड काही दिवस पोटात घ्यावयाचे. ते पहिल्या ७२ तासांत सुरू झाले तर गुण अधिक. त्याहून जपावयाचे ते डोळ्यास: दिवसा थेंब व चष्मा, रात्री मलम लावून पापणी पट्टीने मिटवून ठेवावयाची, नाहीतर बुबुळ कोरडे पडून जखम होते. पुढे आरशापुढे बसून व्यायाम. डॉक्टरांनी "रोज हसून दाखवा" म्हटले, तेव्हा माझी खरी पंचाईत झाली. वर्गात न हसणे हे मी व्रतासारखे पाळले होते आणि घरीही ते सुटले नव्हते. शाबूत असलेल्या उजव्या बाजूलाही ते काम नवे होते. नातू शेजारी बसून वाकुल्या दाखवी, आणि मी हसे. तिसऱ्या आठवड्यात डावा कोपरा केसभर हलला. त्या दिवशी सूनबाईने न सांगता शिरा केला.

उपचारावाचूनही दहांपैकी सुमारे सातजण ह्यातून पूर्ण बरे होतात असे सांगतात. मी उरलेल्या तिघांत पडलो. दीड दिवसाच्या विलंबाचा त्यात किती वाटा, हे डॉक्टरांनाही सांगता आले नाही. चेहरा बहुतेक सरळ झाला, परंतु सहा महिन्यांनी एक नवलच घडू लागले. जेवताना डाव्या डोळ्यातून पाणी येई. तंतू पुन्हा वाढताना लाळेच्या पिंडाकडे जावयाचे काही धागे वाट चुकून अश्रूंच्या पिंडाकडे गेले. त्यामुळे तोंडास पाणी सुटावयाचे तेव्हा डोळ्यासही सुटते. वैद्यकात ह्यास नक्राश्रू असेच नाव आहे.

आमच्या कुटुंबाचे निधन होऊन आता चार वर्षे झाली. तिच्या मृत्यूसमयी मी सर्वांदेखत रडलो नव्हतो. मुलांस ते कोठेतरी लागलेही होते, हे मी जाणून होतो. यंदा तिच्या श्राद्धाच्या दिवशी पंगतीस अळूची भाजी होती. पहिल्या घासासच डाव्या डोळ्यातून धार लागली. सूनबाईची वाढणारी पळी थांबली. मुलाने ताटातून मान वर केली आणि लगेच खाली घातली. आक्कांनी पदर डोळ्यास लावला. मी शास्त्र सांगावयास तोंड उघडले आणि तसेच मिटले. तेवढ्यात नातू कानाशी लागून म्हणाला, "आजोबा, ती सातवी जोडी ना?" मी होय म्हटले. ते अर्धे खरे होते.

असो. वाचकांस एवढेच सांगणे आहे. घरात कोणाचे तोंड अकस्मात वाकडे झाले, तर ते कशाने झाले ह्याचा निवाडा घरी करू नये. कपाळाच्या आठ्यांची खूण मी सांगितली ती समजुतीसाठी, निर्धास्त राहण्यासाठी नव्हे. हातपाय लुळा पडणे, बोबडी वळणे, तोल जाणे ह्यांपैकी काही सोबत असेल तर पळभरही न दवडता १०८ क्रमांकास हाक द्यावी. कारण मेंदूतील गुठळी विरघळविण्याच्या औषधाची वेळ साधारणतः पहिल्या साडेचार तासांचीच असते. आणि नुसते तोंडच वाकडे असेल, तरीही त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे. सत्यनारायणाची पूजा दुसऱ्या दिवशीही करता येते.