दोन दुखणी, एक मूळ

२०१६ ची चवथ. माझी मावसबहीण माटोळीला आंबाड्यांचा घोस बांधायला स्टुलावर चढली आणि छाती धरून खाली बसली. तिच्या धापेला दोन वर्षे सगळे दमाच म्हणत होते. त्या दिवशी कळले, फुप्फुसातून हवा सुटून छातीत भरली होती.

स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत हवेच्या असंख्य पोकळ्या दिसल्या. डॉक्टरांनी विचारले, "मूत्रपिंडात कधी गाठ सांगितली होती का?" आम्ही चमकलोच. सोनोग्राफीचा जुना कागद कपाटात पडून होता. 'चरबीची साधी गाठ, काळजी नको' असे तेव्हा सांगितले होते. तिचा धापेशी संबंध असेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. रोगाचे नाव लॅम. दुर्मिळ, आणि जवळजवळ बायकांनाच होणारा.

मग मी वाचत सुटलो, आणि डॉ. एलिझाबेथ हेन्स्की हे नाव भेटले. त्या अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञ. आधी फिलाडेल्फियाच्या फॉक्स चेस केंद्रात, पुढे बॉस्टनच्या ब्रिगहॅम रुग्णालयात. २००० साली त्यांच्या गटाने दाखवून दिले की एकाच रुग्णाच्या फुप्फुसात आणि मूत्रपिंडाच्या गाठीत टीएससी२ या जनुकाचा तोच बिघाड असतो, निरोगी पेशींत तो नसतो. म्हणजे दोन्हीकडच्या रोगट पेशींचे मूळ एकच!

हे जनुक पेशींच्या वाढीला लगाम घालते. तो तुटला तर सिरोलिमस हे औषध वाढ रोखून धरते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८९ बायका होत्या. औषध चालू असेपर्यंत फुप्फुसांची घसरण थांबली, बंद केल्यावर पुन्हा सुरू झाली. २०१५ साली अमेरिकेने लॅमसाठी या औषधाला मान्यता दिली.

इतक्या थोड्या माणसांच्या रोगासाठी कुणी आयुष्य का घालवावे, असे पूर्वी मीही म्हटले असते. आता म्हणवत नाही. 'थोडी माणसे' म्हणजे कुणाच्या तरी घरातले एक माणूस असते.

तुमच्याही घरी एखाद्या बाईची धाप दम्याच्या औषधाने हटत नसेल, तर जुने कागद काढा आणि सगळे एकाच डॉक्टरांपुढे ठेवा.

बहीण रोज गोळी घेते. चवथीला आम्ही तिला स्टुलावर चढू देत नाही. ती खाली उभी राहून हुकूम सोडते, "नारळ जरा डावीकडे घे रे!"