कौमार्य मनात असतं, असं मी म्हणायचे

कौमार्य शरीराचं की मनाचं, असं कोणी विचारलं की बरीच वर्षं माझं उत्तर ठरलेलं असे: मनाचं. आता मी ते उत्तर देत नाही. का देत नाही, ते एकदा नीट लिहून काढावंसं वाटलं.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. बेंगळुरूला जयनगरात माझा दवाखाना आहे. मराठी बोलणारी डॉक्टर म्हणून बेळगाव-निपाणीची, सांगली-कोल्हापूरची, नोकरीसाठी इथे स्थायिक झालेली कुटुंबं माझ्याकडे येतात. लग्न ठरलं की एखादी आई मुलीला घेऊन येते. तक्रार पाळीची सांगते, आणि मुलगी पडद्याआड गेली की आवाज खाली आणून विचारते, "बाकी सगळं व्यवस्थित आहे ना?" त्या 'बाकी'त काय काय येतं, हे मला सांगावं लागत नाही.

शरीरात काही सापडत नाही, याबद्दल मला कधीच शंका नव्हती. योनिपटल म्हणजे बाटलीचं सील नव्हे. ती योनीच्या मुखाशी असलेली लवचीक घडी. तिला मुळातच वाट असते, नाहीतर पाळीचं रक्त बाहेर येईल कुठून? प्रत्येकीची ठेवण निराळी. पहिल्या संबंधात कित्येकींना रक्त येतच नाही. तपासणीवरून कौमार्य ठरवता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०१८मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांबरोबर जाहीरपणे सांगितलं. तरी आमच्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत 'खरी कुमारी' आणि 'खोटी कुमारी' अशी वर्गवारी होती आणि आम्ही ती परीक्षेसाठी पाठ केली. सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी चिकाटीनं पाठपुरावा केला, तेव्हा २०१९मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठानं कौमार्याची लक्षणं अभ्यासक्रमातून काढली. देशपातळीवर २०२४मध्ये हा विषय पुन्हा घुसवला गेला आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत मागे घ्यावा लागला.

२०१७-१८च्या सुमारास पिंपरीच्या कंजारभाट समाजातली तरुण मुलं जातपंचायतीसमोर उभी राहत होती. नव्या जोडप्याला खोलीत पाठवायचं, पांढरी चादर द्यायची, इतर कशानं रक्त येऊ नये म्हणून नवरीच्या बांगड्या, पिना आधीच काढून घ्यायच्या, आणि मग पंचांनी नवऱ्याला सगळ्यांदेखत विचारायचं: माल खरा की खोटा? विवेक तमायचीकर आणि त्याच्या सोबत्यांनी २०१७मध्ये 'स्टॉप द व्ही रिच्युअल' ही मोहीम उघडली. जानेवारी २०१८मध्ये त्यांच्यातल्या मुलांना मारहाण झाली. त्याच वर्षी विवेक आणि ऐश्वर्या यांनी ही चाचणी नाकारून लग्न केलं. त्या बातम्या वाचताना आमची पुस्तकं आठवून मला फार लाज वाटली. खरं-खोटं ठरवण्याची भाषा दोन्हीकडे तीच होती.

यावर मला सापडलेला तोडगा म्हणजे मन. कौमार्य मनात असतं, शरीरात नाही, असं म्हटलं की समोरची मुलगी सुटते, असं मला वाटे. ऐकायलाही ते उदात्त वाटतं.

मग एक मुलगी आली. सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी, लग्न महिन्यावर आलेलं. कॉलेजात तिचं एका मुलावर प्रेम होतं, संबंध आले होते, ते तुटलं होतं. शस्त्रक्रियेनं 'पूर्ववत' करून मिळतं का, हे विचारायला ती आली होती. मी तिला शरीरशास्त्र समजावलं आणि शेवटी माझं नेहमीचं वाक्य म्हटलं. ती टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत म्हणाली, "मग तर माझं गेलंच, डॉक्टर. शरीराचं कळत नाही म्हणता, पण मनात तो अजून आहे."

मला उत्तर सुचलं नाही. चादरीवर निदान डाग पडला की सुटका होते. मनाला तीही सोय नाही. मी तिची परीक्षा रद्द केली नव्हती, तिला अधिक कडक परीक्षेला बसवलं होतं.

ही मनाची परीक्षा कायद्याच्या दारातही घेतली जाते. जून २०२०मध्ये इथल्याच कर्नाटक उच्च न्यायालयानं बलात्काराच्या एका प्रकरणात आरोपीला अटकपूर्व जामीन देताना, बलात्कारानंतर थकून झोपी जाणं भारतीय स्त्रीला शोभत नाही, अशा अर्थाचा शेरा मारला होता. पुढच्याच महिन्यात तो आदेशातून वगळला गेला. पण त्या शेऱ्यात शरीराची तपासणी कुठेच नव्हती, होतं ते फक्त तिनं कसं वागायला हवं होतं याचं मोजमाप. त्याच्या कितीतरी आधी, १९७२मध्ये, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयानं तिला संबंधांची सवय असल्याचं नोंदवलं आणि खोटारडीही ठरवलं. शरीर आणि मन, दोन्हींत ती नापास. सर्वोच्च न्यायालयानंही १९७८मध्ये पोलिसांना निर्दोष सोडलं. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि देशभर मोर्चे निघाले. तरी फिर्यादी बाईचं चारित्र्य उकरून तिची साक्ष पाडायची मुभा देणारं पुरावा कायद्यातलं कलम जायला २००३ उजाडलं.

माझी एक मैत्रीण म्हणते, "अगं, लग्नापर्यंत थांबायचं हे काही मुलींना मनापासून हवं असतं. त्यांच्याकडून तू हे काढून घेतेस." तिचं म्हणणं मी बरेच दिवस डोक्यात घोळवलं. जिला थांबायचं आहे तिनं खुशाल थांबावं, मी तिच्या बाजूनं उभी राहीन. पण तो तिचा निर्णय झाला. निर्णय आपण घेतो, उद्या बदलतो, त्याचा हिशेब आपल्यापाशीच राहतो. कौमार्य ही 'अवस्था' मानली की ती आहे की गेली, हे दुसऱ्या कोणीतरी ठरवायचं असतं. नवऱ्या मुलाला घेऊन आजवर कोणतीही आई माझ्याकडे ते 'बाकी' विचारायला आलेली नाही.

म्हणून आता आई विचारते तेव्हा मी सरळ सांगते, की असं काही तपासता येत नाही, येत असतं तरी मी तपासलं नसतं, आणि तसा दाखला मी देणार नाही. मुलीशी एकटीशी बोलते. हे लग्न तुला हवंय का, कोणी कधी जबरदस्ती केली आहे का, गर्भनिरोधनाबद्दल काही विचारायचंय का, दुखेल याची भीती वाटते का. बहुतेक मुली या शेवटच्या प्रश्नावर बोलायला लागतात आणि मग बराच वेळ बोलतात. काही आया मात्र तोंड पाडून उठतात. त्या दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, हे मला ठाऊक आहे, आणि तिथे त्यांना हवं ते ऐकायला मिळत असणार, हेही.