काळ्या दगडाच्या खाली

बंगळुरूच्या लालबागेत एक मोठा उघडा खडक आहे. लोक त्यावर चढून सेल्फी काढतात. तिथल्या पाटीवर त्याचं वय लिहिलंय: सुमारे ३०० कोटी वर्षं.

आमचं गाव पाटणकडचं. आमच्यासाठी दगड म्हणजे काळा. जोत्याचा, विहिरीचा, किल्ल्याचा. हा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे लालबागेतल्या खडकापुढे कालचं पोर.

सुरुवातीला पृथ्वीवर खंड नव्हतेच. होतं ते लाव्हा थिजून झालेलं जड, बेसॉल्टचं कवच. त्याचा काही भाग खोल गेला, तापला आणि थोडासाच वितळला. सगळी गंमत या ‘थोडासाच’मध्ये आहे. पूर्ण वितळला असता तर पुन्हा बेसॉल्टच झाला असता. अर्धवट वितळताना मात्र सिलिका जास्त असलेला हलका रस वेगळा होतो, वर चढतो आणि थिजून ग्रॅनाइटसारखा खडक होतो. बेसॉल्टची घनता साधारण ३, ग्रॅनाइटची २.७. एवढ्याशा फरकावर खंड तरले. जड समुद्रतळ पुन्हा पृथ्वीच्या पोटात जातो. आजचा बहुतेक समुद्रतळ २० कोटी वर्षांहून तरुण आहे. हलकं ते वर राहिलं.

कवच खोल गेलं कसं, यावर वाद आहे. काही म्हणतात, एक प्लेट दुसरीखाली सरकली. काही म्हणतात, खालून मॅग्मा येत राहिला, कवच जाड होत गेलं आणि त्याचं बूड वितळलं. २०२१ साली झारखंड-ओडिशातल्या सिंहभूमच्या अभ्यासाने दुसऱ्या बाजूला वजन टाकलं. तिथली जमीन ३२० ते ३३० कोटी वर्षांपूर्वीच समुद्राबाहेर आली होती. पुरावा काय, तर किनाऱ्यावरच्या वाळूचे खडक. वाळू व्हायला झीज हवी आणि झिजायला जमीन पाण्याबाहेर हवी.

बाबांना गावची दीड एकर विकायची आहे. सही माझीही लागणार. मी महिनाभर टाळतोय. परवा फोनवर विषय बदलायचा म्हणून त्यांना सांगितलं, की कोयनेजवळ भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल बोअर मारलं, तेव्हा सव्वा किलोमीटर काळ्या दगडाखाली ग्रॅनाइटी खडक लागला. म्हणजे आपल्याही पायाखाली जुनी जमीन आहेच.

बाबा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सातबारा तेवढा वरच्याचाच असतो रे. तो कुणाच्या नावावर ठेवायचा, ते सांग.”