मुस्तफा कोणाला मिळणार?

चंद्रपूरच्या जटपुरा गेटजवळच्या एका गल्लीत व्हिडिओ पार्लर होतं. पार्लर म्हणजे पत्र्याची खोली, चार यंत्रं, एक खडखडणारा कूलर आणि गल्ल्यावर काका. १९९८-९९ची गोष्ट. एक रुपयाचं नाणं टाकलं की एक डाव. तिथला सगळ्यांचा लाडका गेम म्हणजे कॅपकॉम या जपानी कंपनीनं १९९३ साली काढलेला 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. हे नाव मला फार उशिरा कळलं. चंद्रपुरात त्याला 'मुस्तफा'च म्हणत. निवडायला चार पात्रं होती : जॅक, हॅना, मेस आणि पिवळ्या टोपीचा मुस्तफा. मुस्तफा सगळ्यांत चपळ, त्याची उडती लाथ बघण्यासारखी. एकानं घेतला की दुसऱ्याला मिळत नसे. शाळा सुटली की पोट्टे धावत यायचे ते त्याच्यासाठी.

मी घरचं पाणी भरून जायचो, म्हणून कायम शेवटी पोहोचायचो. उरायचा तो मेस. आडदांड, मंद, दाढीवाला. सहा महिने मी नाइलाजानं मेस खेळलो. मग एक दिवस मुस्तफा मोकळा होता आणि माझा हात आपोआप मेसवर गेला. माझा सगळा धंदा त्या हात जाण्यातून निघाला आहे.

आज तुकूम भागात माझं दहा संगणकांचं गेमिंग कॅफे आहे. संध्याकाळी सहा ते नऊ मी पोरांना शिकवतो. येणाऱ्या दहांपैकी आठ जणांचा पहिला प्रश्न एकच असतो, "भाऊ, मेन कोन घेऊ?" मेन म्हणजे मुख्य पात्र, ज्याच्यावर हात बसवायचा ते. 'डोटा २'मध्ये १२० हून जास्त नायक आहेत, 'लीग ऑफ लेजेंड्स'मध्ये १६० च्या वर. सगळे खेळून बघायचे म्हटले तर पदवी होईल, हात बसणार नाही.

पोरं येतात ती यूट्यूबवरची यादी पाठ करून. या महिन्यात कोण जोरात, कोण पडला, याच्या उतरंडी तिथं लावलेल्या असतात. मी त्या बघतो, पण पोरांना बघू देत नाही. ती उतरंड ज्यांच्या खेळावरून लावलेली असते त्यांचे हात, यंत्रं आणि सोबती वेगळे असतात. कोरियातल्या व्यावसायिकाच्या हातातली 'व्हॅलोरंट' गेममधली जेट आणि बल्लारपूरच्या बारावीतल्या पोराच्या हातातली जेट ही नावापुरतीच एक.

मग मेन ठेवायचाच कशाला? याचं उत्तर मला त्या एक रुपयानं दिलं. पार्लरमध्ये 'किंग ऑफ फायटर्स ९७' आला तेव्हा दोघांत झुंज असायची. जिंकणारा यंत्रावर टिकायचा, हरणाऱ्यानं नवं नाणं टाकायचं. प्रत्येक चूक रुपयाला पडायची. प्रयोग करायची ऐपत नव्हती. सगळे इओरी आणि क्यो घ्यायचे, मी चँग घ्यायचो. तोच मेसचा भाऊबंद, साखळीला लोखंडी गोळा बांधलेला. ठोशाचं बटण भराभर दाबलं की गोळा गरगर फिरतो. रोज तेच पात्र घेतल्यामुळे हरलो की कारण दिसायचं. पात्र तेच, बटणं तीच, म्हणजे बदललं होतं ते मी. उडी कधी मारली, गोळा कधी फेकला, कुठं घाबरलो. दररोज पात्र बदलणाऱ्याला हे कधीच कळत नाही. त्याच्याकडे दोष द्यायला नेहमी नवं पात्र असतं.

म्हणून मी पोराला 'कोणाबरोबर जिंकतोस?' असं विचारत नाही. कोणाबरोबर हरल्यावर परत तोच घ्यावासा वाटतो, हे विचारतो. जिंकताना कोणीही आवडतं.

आता आमच्या भागाची गोष्ट, कारण मुंबई-पुण्यात बसून लिहिणाऱ्यांना ती सुचत नाही. 'व्हॅलोरंट' २०२० साली आला आणि त्याचा सर्व्हर मुंबईत बसला. माझ्या कॅफेतल्या केबलवरून तिथं जाऊन यायला तीस-चाळीस मिलिसेकंद लागतात. उत्तम. पण माझ्याकडे सुट्टीत येणारा पोरगा अहेरीचा, दुसरा भामरागडचा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो, तिथं टॉवरचं काय सांगू? मोबाइलचं नेट कधी शंभरावर, कधी तीनशेवर. सतत शंभर असतं तर हात जुळवून घेतो. उडी मारतं ते नेट मारतं. माणसाला डोळ्यानं बघून बोट हलवायलाच दोनशे-अडीचशे मिलिसेकंद लागतात. त्यात नेटची लहर मिळवली की जेटसारखं क्षणात झेपावणारं पात्र घेणं म्हणजे पुरात डोंगा घालणं.

अशा पोराला मी सेज देतो, किंवा किलजॉय, किंवा सायफर. सेज साथीदारांना बरं करते, वाटेत भिंत उभी करते. किलजॉय यंत्रं मांडून ठेवते, सायफर तारा आणि कॅमेरे लावतो. यांचं काम आधी विचार करून जागा धरण्याचं आहे. अर्धा सेकंद उशीर झाला तरी भिंत भिंतच राहते. याला लोक कमीपणा समजतात. मी समजत नाही. शेतावर मचाण बांधून जागल करणाऱ्याच्या घरात वाढलेल्या पोराला जागा धरून बसणं शिकवावं लागत नाही, एवढं मी पंधरा वर्षांत बघितलं आहे.

फोनचंही तसंच. गडचिरोलीत बहुतेकांचा पहिला गेम 'फ्री फायर' असायचा, कारण तो साध्या फोनवर चालायचा. त्यात एक सक्रिय कौशल्य आणि तीन निष्क्रिय अशी जोडणी करता येते. आलोक घेतला तर आजूबाजूच्यांची तब्येत सुधारते, केली घेतली तर पळण्याचा वेग वाढतो. हृतिक रोशनवर बेतलेला जय आला तेव्हा पोरं वेडी झाली होती. चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा सत्तेचाळीसवर असताना, फोन तापतो आणि चित्र अडखळायला लागतं. दुपारी खेळणाऱ्यानं समोरासमोर भिडणारी जोडणी घेऊच नये. ही सूचना तुम्हाला कुठल्याही यादीत सापडणार नाही.

१४ फेब्रुवारी २०२२ ला 'फ्री फायर'वर बंदी आली. पबजी त्याआधीच, सप्टेंबर २०२० मध्ये गेला होता. त्याच्या जागी आलेला बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये बंद झाला आणि मे २०२३ मध्ये परतला. 'फ्री फायर मॅक्स' चालू राहिला, खातं तेच चालायचं, पण त्याला फोन चांगला लागतो. ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांची दोन-तीन वर्षांची पात्रं असून नसल्यासारखी झाली. एक पोरगा माझ्यासमोर रडला. मी त्याला काही बोललो नाही, चहा पाजला.

मेन आपला असतो आणि गेम कंपनीचा असतो, हे विसरून चालत नाही. दर काही आठवड्यांनी कंपनी आकडे बदलते. माझ्याकडे एक हुशार मुलगा 'व्हॅलोरंट'मध्ये चेंबर खेळायचा. डिसेंबर २०२२ मध्ये चेंबरची पळवाट आणि सापळा दोन्ही कमजोर केले. तो म्हणाला, "भाऊ, माह्या चेंबर मेला." मी म्हटलं, बाबू, नेम कुठं गेला तुझा? नेम होताच. कोपरा धरायची अक्कल होती. दोन महिन्यांनी तो सोव्हावर आला आणि बरा खेळला. पात्रातून जे शिकलास ते पात्राबरोबर जात नाही, एवढंच त्याला पटवायला मात्र दोन महिने गेले.

माझी स्वतःची फजिती इथंच सांगतो. नागपूरला एका स्पर्धेत आमचा संघ 'डोटा २' खेळत होता. तिथं सामन्याआधी दोन्ही संघ आळीपाळीनं नायक बाद करतात आणि निवडतात. मला पजशिवाय काही येत नाही, हे समोरच्यांना माहीत होतं. पज म्हणजे आकडा फेकून ओढणारा ढेरपोट्या. मेस, चँग, पज, माझी आवड बघा! त्यांनी पहिलाच पज बाद केला. मी अनोळखी नायक घेऊन अर्धा तास मैदानात हिंडलो, जणू चुकीच्या लग्नात शिरलेला पाहुणा. तेव्हापासून माझा नियम : मेन एक, पण जोडीला दोन. आणि ते दोन मेनच्या जातकुळीतले.

याचा उत्तम नमुना आमच्याच मातीत आहे. झाडीपट्टीची नाटकं वडसा-देसाईगंजहून निघतात, दिवाळीनंतर सुरू होतात आणि रात्रभर चालतात. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग, आठशेच्या आसपास भूमिका. तरी माणूस ओळखला जातो तो विनोदी कामासाठी. भूमिका शेकडो, पण बैठक एक. मंडईतल्या मंडपात त्यांचं नाव पुकारलं की लोक आधीच हसायला बसतात. मी पोरांना नाटकाला धाडतो, तेव्हा त्यांना वाटतं भाऊला सुट्टी द्यायची आहे.

बाहेरचं एक उदाहरण देतो. 'टेकन' या झुंजीच्या गेमवर कोरिया आणि जपानचा वरचष्मा होता. २०१९ साली लाहोरचा अर्सलान ॲश जपानमधली इव्हो ही स्पर्धा जिंकला आणि त्याच वर्षी लास वेगासची इव्होही, अंतिम फेरीत कोरियाच्या 'नी' या खेळाडूला हरवून. जपानला जाताना व्हिसाच्या भानगडीनं तो जेमतेम पोहोचला होता. लाहोरच्या दुकानांत एकमेकांशेजारी बसून खेळूनच तो तयार झाला. चांगलं नेट नसलेल्या गावासाठी मला यात फार मोठी गोष्ट दिसते : पाच पोरं एका खोलीत, एका यंत्रावर, आपापला मेन धरून.

ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता मिळाली. पालक अजून दोन्ही एकच समजतात. त्यांना विनंती, एकदा पोराच्या मागे उभं राहून बघा. तो रोज नवं पात्र घेत असेल तर वेळ घालवतो आहे, खुशाल ओरडा. आठवडाभर तेच पात्र घेऊन हरत असेल तर जरा थांबा.

माझ्याकडे नव्या पोरानं पहिले तीस सामने पात्र बदलायचं नाही, आणि प्रत्येक हारीनंतर वहीत एक ओळ लिहायची, अशी अट आहे. अहेरीचा पोरगा सेज घेऊन बाविसाव्या सामन्यावर आला आहे. तेरा हरला. वहीत तेरा ओळी आहेत, त्यातल्या पहिल्या चारांत नेटला शिव्या आहेत, नंतरच्यांत नाहीत.